कापूस, लोखंड आणि वडाळ्याचा काटा

वडाळ्याहून सीएसएमटीकडे जाणारी हार्बरची लोकल धरली की शिवडीनंतर कॉटन ग्रीन येतं आणि त्याच्या पुढचं स्टेशन रे रोड. कॉटन ग्रीनला कापसाच्या वखारी आणि १९२० च्या दशकात उभी राहिलेली कापूस बाजाराची इमारत. रे रोडला दारूखाना, म्हणजे जहाजं तोडण्याची जागा आणि लोखंडाचा बाजार. एका स्टेशनावर कापूस, दुसऱ्यावर लोखंड. प्रत्येक मराठी घरात मुलांना घातलं जाणारं ते कोडं मुंबईत असं एकमेकांना लागून असलेल्या दोन स्टेशनांवर मांडून ठेवलेलं आहे: किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड?

पोर घाईने "लोखंड" म्हणतं, मोठी माणसं हसतात आणि "दोन्ही सारखंच" असं उत्तर देतात. पण हे मोठ्यांचं उत्तरही पुरं नाही. हवेत बुडालेली प्रत्येक वस्तू, पाण्यातल्या वस्तूसारखीच, थोडी वर उचलली जाते. किलोभर कापसाच्या तंतूंनी साधारण पाऊण लिटरपेक्षा थोडी कमी जागा व्यापलेली असते आणि तेवढी हवा भरते सुमारे ०.८ ग्रॅम. लोखंडाचं आकारमान लिटरच्या आठव्या हिश्श्याइतकं, त्याने हटवलेली हवा जेमतेम ०.१५ ग्रॅम. म्हणजे दोघांत द्रव्य बरोबर एकेक किलो असेल, तर काट्यावर लोखंडच अर्ध्या ग्रॅमहून थोडं अधिक भरेल. घाईने बोललेलं पोर अगदीच चुकलेलं नसतं. उलट काट्यावर दोन्ही पारडी समतोल झाली असतील, तर द्रव्य कापसात किंचित जास्त आहे.

हे अर्धा-पाऊण ग्रॅम व्यवहारात कुणी मोजत नाही. पण ते मोजायला बसलं की एक प्रश्न डोकं वर काढतो, आणि या लेखाला तोच धरून चालायचं आहे: काटा जे दाखवतो ते वस्तूत असतं, की वस्तू आणि पृथ्वी यांच्या मध्ये असतं?

शाळेचं उत्तर ठरलेलं आहे. आपल्या राज्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागातलं पहिलंच प्रकरण गुरुत्वाकर्षणाचं. वस्तुमान म्हणजे वस्तूतला द्रव्यसंचय, तो किलोग्रॅममध्ये मोजायचा आणि तो सगळीकडे सारखाच. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलाने ओढते ते बल, ते न्यूटनमध्ये मोजायचं आणि ते जागेनुसार बदलतं. एकाला गुरुत्व त्वरणाने गुणलं की दुसरं मिळतं. मुलं हे पाठ करतात, दोन गुण मिळवतात आणि संध्याकाळी वाण्याकडे जाऊन दोन किलो वजनाचे तांदूळ मागतात. मग शिक्षक म्हणतात, लोक चुकीचं बोलतात. मला हे पटत नाही. बाजार चुकीचा नव्हता. बाजार शतकानुशतकं वस्तुमानच मोजत आला, फक्त त्याला "वजन" म्हणत आला. वजन नावाचं बल वेगळं काढून दाखवणारं साधन बाजारात फार उशिरा आलं.

आधी गोदीकडची माणसं पाहू, कारण हा भेद अंगाने ओळखणारी माणसं ती. गोणीला आकडा लावून ती पाठीवर घेणारा माथाडी आणि तीच गोणी हातगाडीवर लादून ओढणारा गाडीवाला, दोघांचं सामान एकच, पण दोघांना कळणारी गोष्ट वेगळी. माथाडीच्या मानेवर आणि मणक्यावर येतं ते वजन. तो नुसता उभा राहिला तरी ते थांबत नाही. पृथ्वी क्षणभरही ओढणं सोडत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्यामागे जी माणसं होती, त्यांच्या हाडांनी हे बल आयुष्यभर सोसलेलं होतं. गाडीवाल्याचं तसं नाही. सपाट रस्त्यावर वजन चाकं पेलतात. गाडीवाल्याला झुंजावं लागतं ते गाडी हलवताना, वळवताना आणि मुख्य म्हणजे थांबवताना. समोर अचानक टॅक्सी आली की भरलेली गाडी थांबत नाही, आणि तो टाचा रोवून सगळं अंग मागे टाकतो. तिथे त्याला भेटतं ते जडत्व, म्हणजेच वस्तुमान.

दोघांना चंद्रावर नेलं असं धरा. तिथे ओढ सहावा हिस्सा. माथाडीची पन्नास किलोची गोणी त्याला आठ-साडेआठ किलोची वाटेल, तो हसतच चालेल. गाडीवाल्याला चाकांचं घर्षण कमी लागेल हे खरं, पण एकदा वेग घेतलेली गाडी थांबवायला वडाळ्यात जेवढा जोर लागायचा तेवढाच तिथे लागेल. उलट पायाला जमिनीची पकड कमी, म्हणून तो घसरण्याची भीती जास्त. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर चंद्रावर उतरला तेव्हा "वजन २६ किलो" असं सगळीकडे छापून आलं. ते त्याचं वस्तुमान होतं. इथल्या स्प्रिंगच्या काट्याला तिथे टांगला असता तर त्याने सव्वाचार किलोच्या आसपास आकडा दाखवला असता.

आता तराजू. दांडी मध्यावर टांगलेली, दोन बाजूंना दोन पारडी, एकात माल आणि दुसऱ्यात माप. पृथ्वी दोन्ही पारड्यांना सारख्याच प्रमाणात ओढते, त्यामुळे ओढ कमी-जास्त झाली तरी दोन्हीकडे एकदमच होते आणि तुलना तशीच राहते. तराजू बल मोजतच नाही. तो दोन वस्तुमानं एकमेकांशी ताडून पाहतो. १६६५ च्या जानेवारीत, सूर्यग्रहणाच्या पर्वावर, शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरी जिजाऊंची सुवर्णतुला केली. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंच. तिथे पृथ्वीची ओढ कोकणातल्यापेक्षा किंचित कमी. साठ किलोच्या माणसाला स्प्रिंगचा काटा तिथे पंधरा-पंचवीस ग्रॅम कमी दाखवील. पण तुलेच्या पारड्यात सोनं तेवढंच लागलं असतं, गडावर काय, वडाळ्याच्या मिठागरात काय. तुलादानाला हा न्याय भौतिकशास्त्राने आपोआप दिलेला आहे.

मुंबईच्या जुन्या बाजाराचा घोळ तराजूत नव्हता, तो मापांत होता. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि रेल्वेचा मण ८२ पौंडांहून जास्त. सर्वसाधारण खंडी वीस मणांची, पण कापसाची खंडी अठ्ठावीस मणांची, म्हणजे ७८४ पौंड. आजही कापसाचा भाव खंडीवर निघतो आणि ती सुमारे ३५६ किलोंची धरतात, म्हणजे वसाहतीच्या काळातलं माप मेट्रिकच्या पोटात जिवंत आहे. तोळा मूळचा ११.६६ ग्रॅमचा, आपल्या सराफांनी तो दहा ग्रॅमचा करून टाकला. १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला आणि काही वर्षांतच शेर, मण, रत्तल कायद्याने गेले. या बदलाला लागणारी प्रमाण मापं फोर्टातल्या मुंबईच्या टांकसाळीत घडवली जात. नाणी पाडणाऱ्या हातांनीच किलो पाडला हे मला योग्य वाटतं. दोन्हींत कण इकडचा तिकडे झाला की विश्वास जातो. "दांडी मारणे" आणि "काटा मारणे" हे शब्दप्रयोग मराठीत उगाच आलेले नाहीत. उसाचा शेतकरी कारखान्याच्या वजनकाट्याकडे आजही ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेत ते अजून ताजे आहेत.

मग आला स्प्रिंगचा काटा, शाळेच्या पुस्तकातला ताणकाटा, रद्दीवाल्याच्या हातातला हुकाचा. इथे दुसरं पारडंच नाही. पृथ्वी मालाला खाली ओढते, स्प्रिंग ताणली जाते आणि ताण किती तेवढा आकडा. हा काटा खरोखर बल मोजतो आणि तबकडीवर मात्र किलो छापतो. आजचे इलेक्ट्रॉनिक काटे, सराफाच्या काचेच्या पेटीतल्या नाजूक काट्यापासून वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळच्या वजनकाट्यापर्यंत, बहुतेक याच जातीचे. ट्रकखालच्या लोखंडी फळीच्या पोटात लोड सेल असतात. दाबाने त्यांतली धातूची पट्टी केसाहून कमी वाकते, त्या वाकण्याने विजेचा प्रवाह बदलतो आणि केबिनमध्ये आकडा उमटतो. मोजलं बल, पावतीवर छापलं वस्तुमान. मधला गुणाकार-भागाकार यंत्राने परस्पर केलेला.

हा भागाकार ज्या आकड्याने करायचा तो सगळीकडे सारखा नाही, आणि इथे मुंबई प्रत्यक्ष प्रश्नात येते. गुरुत्व त्वरणाचा प्रमाण म्हणून ठरलेला आकडा सेकंदामागे सेकंदाला ९.८०६६५ मीटर. मुंबईत तो सुमारे ९.७८६ आहे, लंडनला सुमारे ९.८१२, दिल्लीला ९.७९१ च्या आसपास. कारणं दोन. पृथ्वी फिरते, म्हणून विषुववृत्ताकडे ओढीतला थोडा भाग त्या फिरण्यातच खर्च होतो. मुंबईच्या अक्षांशावर हा वाटा साधारण तीन दशांश टक्के, साठ किलोंमागे जवळजवळ एकशे ऐंशी ग्रॅम. दुसरं, पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, म्हणून तिथला माणूस तिच्या केंद्राला जवळ. लंडनला जुळवलेला स्प्रिंगचा काटा तसाच मुंबईत आणला तर तो किलोमागे अडीच ग्रॅमहून जास्त कमी दाखवील, दहा ग्रॅमच्या तोळ्याला २६ मिलिग्रॅम. लंडनला मिळवलेलं लंबकाचं घड्याळ इथे दिवसाला जवळजवळ दोन मिनिटं मागे पडेल. हे प्रथम लक्षात आलं ते असंच: १६७२ मध्ये ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेला आणि पॅरिसला नेमकं चालणारं त्याचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे राहू लागलं. वजन जागेप्रमाणे बदलतं याचा पहिला पुरावा काट्याने दिला नाही, घड्याळाने दिला.

म्हणूनच नाजूक काटा ज्या गावात वापरायचा त्या गावातच जुळवावा लागतो. वैधमापन खात्याचा निरीक्षक तपासणीला येतो तेव्हा प्रमाण मापं बरोबर घेऊन येतो. ती मापं त्या काट्यावर ठेवली जातात आणि आकडा त्यांच्याशी जुळवला जातो. निरीक्षक वडाळ्याचं गुरुत्व मोजत नाही, त्याला ते माहीत असण्याचीही गरज नाही. मापं वडाळ्यातच ठेवली, म्हणजे वडाळ्याचं गुरुत्व आपोआप हिशेबात आलं. जुना तराजू दुसऱ्या पारड्यात जे करायचा, तेच आता वर्षातून एकदा केलं जातं.

स्प्रिंगचा हा दोष काही माणसांनी गुण म्हणून वापरला. वस्तुमान तेच ठेवा, काटा अतिशय नाजूक करा आणि गावोगाव फिरवा. मग काट्यातला फरक हा जमिनीचा फरक. हा झाला गुरुत्वमापी. असं मोजत गेल्यावर मुंबईखाली ओढ अपेक्षेपेक्षा जास्त निघाली. भूभौतिकशास्त्रात मुंबईचं हे धन गुरुत्ववैचित्र्य प्रसिद्ध आहे, त्यावर १९६० च्या दशकापासून शोधनिबंध आहेत. अर्थ असा लावतात की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या उलथापालथीत दख्खनचा काळा पत्थर ओतला गेला, तिच्यातला जड, घट्ट खडक या किनाऱ्याखाली खोलवर साचून थिजला आहे. माणसामागे हा फरक जेमतेम दोन-चार ग्रॅमचा. तरीही अँटॉप हिलच्या चढावर पाऊल टाकताना पायाखाली कुठेतरी तो थिजलेला खडक आपल्याला अंमळ जास्त ओढतो आहे, ही जाणीव माझ्या मनातून जात नाही. याच्या उलट श्रीलंकेच्या दक्षिणेला ओढ इतकी कमी की हिंदी महासागराची समपातळी तिथे शंभर मीटरहून जास्त खोल गेलेली आहे. जहाजाला उतार जाणवत नाही, कारण "सपाट" म्हणजे काय हे ठरवणारीही तीच ओढ.

आणि चंद्र? शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरतात ती जागा रोज दोनदा उघडी पडते आणि दोनदा बुडते, ती मुख्यतः चंद्राच्या ओढीने. तोच चंद्र डोक्यावर असताना साठ किलोच्या माणसाच्या वजनात फरक पडतो सहा-सात मिलिग्रॅमचा. इतकी क्षीण ओढ, पण समुद्राच्या थेंबाथेंबावर ती वेगवेगळ्या अंतरावरून, थोडी कमी-थोडी जास्त लागते आणि त्या फरकातून भरती उभी राहते.

वडाळ्यात अलीकडे वजन हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला तो १९ ऑगस्ट २०२५ ला. मुसळधार पावसाने लोकल बंद पडल्या, लोक मोनोरेलकडे वळले आणि गाडी म्हैसूर कॉलनीजवळ उंचावरच अडकली. साडेपाचशेहून जास्त प्रवाशांना शिड्या लावून उतरवावं लागलं. प्रशासनाने कारण दिलं ते असं: गाडीची मर्यादा १०४ टन, भार गेला १०९ टनांवर, आणि त्यामुळे विजेच्या पट्टीशी असलेला संपर्क तुटला. आत घुसमटलेल्या माणसांना वजन आणि वस्तुमान यांतला भेद सांगत बसणं क्रूरपणाचं झालं असतं, पण अभियंत्याला तो विसरून चालत नाही. खांब, तुळई आणि रबरी चाकं यांच्यावर येतं ते वजन. तेच बल खाली दाबतं. गाडी सुरू करायला मोटरला आणि थांबवायला ब्रेकला सामना करावा लागतो वस्तुमानाशी. तेच पाच टन दोन वेगळ्या हिशेबांत दोनदा येतात.

गुरुत्वाकर्षणाचा आढावा मराठीत घ्यायचा आणि भास्कराचार्यांबद्दल बोलायचं नाही, असं होत नाही. "न्यूटनच्या आधी आपल्याकडे" हे वाक्य प्रत्येक गप्पांत येतं. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात ते म्हणतात की पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे, आधार नसलेली जड वस्तू ती स्वतःकडे ओढते म्हणून ती पडल्यासारखी दिसते. आणि सगळीकडे आकाश सारखंच असताना ही पृथ्वी स्वतः कुठे पडणार? हा शेवटचा प्रश्न मला फार मोठा वाटतो. "खाली" ही दिशा विश्वाची नसून पृथ्वीची आहे, एवढं त्यात आलं. पण भास्कराचार्यांच्या मांडणीत फळ पृथ्वीला ओढत नाही, चंद्राला फिरवणारी आणि फळाला पाडणारी ओढ एकच असल्याचा हिशेब नाही, अंतराच्या वर्गाबरोबर ओढ घटते हा नियम नाही. आणि आपल्या प्रश्नापुरतं सर्वांत महत्त्वाचं: जडपणा हा तिथे वस्तूचाच गुण राहतो. १६८७ च्या प्रिन्सिपियात न्यूटनने द्रव्याचा संचय आणि त्यावर येणारी ओढ ही दोन वेगळी केली. भास्कराचार्यांना त्यांचं श्रेय द्यायला न्यूटनचं काढून घ्यावं लागत नाही.

न्यूटनने दोन गोष्टी वेगळ्या केल्या आणि लगेच एक कोडं मागे सोडलं. गाडीवाल्याला टाचा रोवायला लावणारं वस्तुमान आणि माथाडीची मान दाबणारं वस्तुमान, हे दोन्ही एकच का? जितकं जडत्व दुप्पट तितकी ओढही दुप्पट, म्हणून हवा नसेल तर कापूस आणि लोखंड एकदमच जमिनीला लागतात. हा योगायोग आहे का, हे पुन्हापुन्हा तपासलं गेलं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रमानाथ कौशिक यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात कर्नाटकात गौरीबिदनूरला जमिनीखाली पीळतराजू टांगून अशीच नाजूक मोजणी केली. फ्रान्सच्या मायक्रोस्कोप उपग्रहाने ही समानता हजार लाख कोटीत एक इतक्या बारकाईपर्यंत टिकल्याचं दाखवलं.

आइन्स्टाइनने १९०७ मध्ये याला योगायोग मानायचं नाकारलं. वडाळ्यात आता चाळीस-चाळीस मजल्यांचे मनोरे उभे आहेत. त्यांच्या लिफ्टमध्ये स्नानघरातला काटा ठेवून उभे राहा. लिफ्ट वर सुटताना साठचे पासष्ट होतात, वरच्या मजल्यावर थांबताना पंचावन्न. वस्तुमान रतीभरही बदललेलं नसतं. दोर तुटलाच तर आकडा शून्य. अंतराळस्थानकातली माणसं तरंगतात ती याच अर्थाने. चारशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास शिल्लक असते, ती माणसं फक्त सतत पडत असतात. पडणाऱ्याला वजन जाणवत नाही, एवढ्या एका निरीक्षणावरून आइन्स्टाइनने गुरुत्व हे बल नसून अवकाश-काळाचा वाक आहे असा सिद्धान्त उभारला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार किलोमीटर लांब दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा होणार आहे ती या वाकातल्या लाटा पकडायला. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली.

पण वस्तुमान येतं कुठून? कोल्हापूरला जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९६४ मध्ये फ्रेड हॉइल यांच्यासह जो सिद्धान्त मांडला, तो या प्रश्नाला थेट भिडला. कणाचं जडत्व हा त्याच्या एकट्याचा गुण नाही, विश्वातल्या बाकीच्या सर्व द्रव्यामुळे ते त्याला मिळतं, असं त्यांचं म्हणणं. मूळ कल्पना माख या तत्त्वज्ञ-भौतिकशास्त्रज्ञाची. विश्व रिकामं केलं तर उरलेल्या एकट्या गोणीला जडत्वच राहणार नाही. हा सिद्धान्त आइन्स्टाइनच्या जागी बसला नाही. तरीही मराठीत विज्ञान लिहिणाऱ्या माणसाने स्वतः या मुळाशी हात घातला होता, हे आपल्या मुलांना विज्ञानकथांच्या आधी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

शेवटी किलोच. १८८९ पासून पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल म्हणजे जगाचा किलो होता; त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून तो दंडगोल निवृत्त झाला आणि किलो प्लांकच्या स्थिरांकावर बांधला गेला. ही व्याख्या प्रत्यक्षात आणणारं एक यंत्र म्हणजे किबल तराजू. त्यात एका बाजूला वस्तू असते आणि दुसऱ्या पारड्याच्या जागी विजेचं बल. म्हणजे ते यंत्र पुन्हा वजनच मोजतं. वजनातून वस्तुमान काढायचं तर त्या खोलीतलं, त्या उंचीवरचं गुरुत्व त्वरण हवं, आणि ते कोट्यंशांत अचूक हवं. म्हणून त्या प्रयोगशाळांत तराजूशेजारी दुसरं यंत्र बसवलेलं असतं. त्यात निर्वात नळीत एक आरसा सोडतात आणि लेसरच्या उजेडात तो पडताना बघत राहतात.